टिकेल असं माणूस

दाक्षायणीबाईंच्या विभागात माणूस टिकत नव्हतं. शिपायापासून संस्थेच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्या कॉलेजला हे माहीत होतं, आणि सगळ्यांना त्याची सवयही होऊन गेली होती. बालवाडीच्या शिक्षिका तयार करायचा तो पदविका वर्ग. मुली चिक्कार यायच्या. सोलापुरातल्या, माढ्याकडच्या, अक्कलकोटकडच्या. कुणी लग्नाआधी हातात काहीतरी असावं म्हणून, तर कुणी खरंच लहान पोरांत जीव रमतो म्हणून. पण त्या मुलींना शिकवायला कुणी मिळत नव्हतं, आणि मिळालं तरी राहत नव्हतं.

पूर्ण पगाराची जागा एकट्या बाईंची. बाकीचे तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे आणि उन्हाळा आला की घरी. असल्या नोकरीला माणूस आणायचं म्हणजे बाईंनाच हिंडावं लागायचं. विद्यापीठात कुणाची मुलगी एम.ए. झाली, कुठल्या गावची सून एम.एड. होऊन घरात बसलीय, याची खबर त्या ठेवायच्या. मग सासरी जायचं, सासूच्या हातचा चहा घ्यायचा आणि सांगायचं, "तुमची सून संध्याकाळच्या आत घरी पोचेल, जबाबदारी माझी." मोहोळच्या एका घरात तर सासऱ्यांनी मान हलवेपर्यंत त्यांनी तीन खेपा घातल्या होत्या. ती मुलगी आली, चांगली शिकवायला लागली, तिच्या बाळंतपणात बाई दवाखान्यात बसून राहिल्या, आणि बाळ वर्षाचं व्हायच्या आत नवऱ्याची बदली झाली. एकजण नेटची परीक्षा पास झाली आणि पुण्याला गेली. एकीला शहरातल्या नव्या इंग्रजी शाळेनं उचललं.

गेलेल्या प्रत्येकीला बाईंनी साडी-नारळ देऊन निरोप दिला. साडी नव्या पेठेतल्या एका ठरलेल्या दुकानातून. पुढेपुढे तिथला म्हातारा दुकानदार बाई पायरी चढताना दिसल्या की विचारायचा, "मॅडम, आता कोन चाललं?"

घरी शिवप्पा होते, बाईंचे यजमान. वीज मंडळातून निवृत्त झालेले. बोलणं थोडं, पण बोलले की नेमकं. "तुझ्या कॉलेजला माणूस मिळंना," ते म्हणायचे, "आणि मला बायको मिळंना." बाई हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत निघायच्या. अलीकडे हसू उशिरा यायला लागलं होतं. गुडघे धरायचे. विभाग तिसऱ्या मजल्यावर होता, आणि निवृत्तीचं वर्ष लागलं होतं.

त्या वर्षी जाहिरात दिली तेव्हा दोन अर्ज आले. एक बाई मुलाखतीच्या दिवशी सकाळी फोन करून 'येत नाही' म्हणाल्या. राहिला तो एक पुरुष. मृत्युंजय नाव, तिशीच्या आतबाहेरचा, अंगानं आडवातिडवा, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद केलेल्या. आधी डी.एड., मग मानसशास्त्रात एम.ए., मग एम.एड.

सेक्रेटरी उदयसिंह यांनी त्याच्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "बाई, बालवाडीला बाप्या?"

"बालवाडीला नाही साहेब, शिकवायला," बाई म्हणाल्या. पण मनातून त्याही साशंक होत्या. त्यांनी मृत्युंजयला विचारलं, "हाच विषय का?"

"नोकरी पाहिजे म्हणून आलोय, मॅडम," तो म्हणाला. "लहान मुलांची आवड वगैरे काही सांगता येणार नाही. माझा त्यांचा कधी संबंधच आला नाही."

इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर बसून इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. आलेला प्रत्येकजण फुलं, देवाघरचं लेणं असलं काहीतरी बोलून जायचा. बाईंनी त्याला घेतलं. खरं तर दुसरं कुणी नव्हतंच.

पहिला महिनाभर त्यानं वर्गात टिपणं सांगितली. मुली उतरवून घ्यायच्या आणि मागच्या बाकांवर हसू दाबायच्या. दोन पालक येऊन विचारून गेले की मुलींच्या कॉलेजात हा माणूस कशाला. बाईंनी त्यांना बसवलं, चहा पाजला, शांत केलं. मग त्याच्या तासाला त्या मागं जाऊन बसल्या. तास झाल्यावर म्हणाल्या, "मृत्युंजय सर, उद्यापासून सकाळी खाली यायचं. बालवाडीत."

कॉलेजच्या आवारात सरावासाठी एक बालवाडी होती. आसपासच्या वस्तीतली मुलं यायची. कुणी घरात तेलुगू बोलणारं, कुणी कानडी, कुणी दख्खनी. मृत्युंजय दारात उभा राहिला, तो थेट बंदोबस्तावरच्या पोलिसासारखा. एका पोरानं त्याला बघून भोकाड पसरलं. ते ऐकून दुसऱ्यानं.

"खाली बस," बाई हळूच म्हणाल्या. चारचौघांत 'सर' आणि 'तुम्ही', पण कुणी जवळ नसलं की त्या त्याला 'तू' म्हणायला लागल्या होत्या. "अरे, त्यांनी मान किती वर करायची?"

तो भिंतीला टेकून बसला, पाय लांब करून. काय करावं त्याला कळेना. थोड्या वेळानं एक पोरगं लाकडी गाडी घेऊन आलं आणि त्याच्या पायावरून ती चढवायला लागलं. गुडघ्यापाशी आलं की घाट. पोरगं तोंडानं इंजिनाचा आवाज काढत होतं. मृत्युंजय हलला नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलला नाही. त्या दिवशीच्या तासाला त्यानं टिपणं काढली नाहीत. "आज मी सकाळभर रस्ता झालो होतो," तो म्हणाला, आणि मुली पहिल्यांदा त्याच्याकडे बघून हसल्या, त्याच्यावर नाही.

दिवाळीनंतर एक गंमत झाली. एक पोर सारखं "नीळ्ळु, नीळ्ळु" म्हणत होतं. सरावाला आलेल्या मुलीनं त्याला निळा खडू दिला. पोर रडायला लागलं, तर तिनं दुसरा निळा खडू दिला. मृत्युंजयनं बघितलं. त्याच्या स्वतःच्या घरात कानडी, पण शेजारीपाजारी सगळे विणकरी कामातले तेलुगू; त्यामुळं त्याला उमगलं की पोर तेलुगूत पाणी मागतंय. त्यानं गडवाभर पाणी आणून पाजलं. दुसऱ्या दिवशी वर्गात तो हे बोलला, पण कोणती मुलगी ते सांगितलं नाही. नुसतं म्हणाला, "आपण त्याला रंग शिकवत होतो आणि त्याला तहान लागली होती." बाई मागच्या बाकावर होत्या. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. त्यांना वाटलं, हा जमला. हा राहिला तर विभाग राहील.

तेव्हापासून त्यांनी सेक्रेटरींच्या मागं धोशा लावला. या माणसाला पूर्ण पगारावर घ्या. उदयसिंह नाही म्हणायचे नाहीत. "बघू की बाई," म्हणायचे. "तुम्ही आहातच. निवृत्तीनंतरही वर्षभर मुदतवाढ घ्या, तोवर बघू." आजवर बाई कुठल्या कामाला नाही म्हणाल्या नव्हत्या, त्यामुळे मुदतवाढही त्या घेणारच, हे उदयसिंहांनी धरूनच ठेवलं होतं.

जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची यात्रा आटोपली आणि एक दिवस मृत्युंजय बाईंच्या टेबलापाशी येऊन घुटमळला.

"बोल."

"मॅडम, एक स्थळ आलंय. दुधनीचं. मुलीकडचे विचारतात, मुलगा काय करतो. वडिलांना नीट सांगता येत नाही. ते सांगतात कॉलेजात आहे, आणि लोक म्हणतात ते बालवाडीचं ना." तो खाली बघत म्हणाला, "आधी दोन ठिकाणी याच्यावरूनच मोडलं. तुम्ही आलात तर..."

बाईंना हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा कळेना. आजवर सासऱ्यांकडे सुना मागत फिरल्या, आता बापाकडे मुलगी मागायला जायचं. शिवप्पांना सांगितलं तर ते नुसतं म्हणाले, "साकु, दाक्षायणी." म्हणजे पुरे आता. पण रविवारी सकाळी त्यांनीच रिक्षा बोलावून दिली.

एसटीनं त्या, मृत्युंजय आणि त्याचे वडील दुधनीला गेले. मुलीचे वडील संगप्पा यांचं अडतीचं दुकान. घर दुकानाच्या मागंच. दारातच "बर्री, बर्री" म्हणून स्वागत झालं. सतरंजी, तक्के, उप्पीट, वर शेव. मुलगी अपेक्षा ट्रे घेऊन येऊन गेली. बी.कॉम. झालेली, दुकानाचा हिशोब संगणकावर ठेवणारी. तिनं एकदा मृत्युंजयकडे सरळ बघितलं आणि आत गेली.

संगप्पा बाईंकडे वळले. "मॅडम, तुमी थोर मानूस, एवढ्या लांब आलात. आता एक सांगा. पोरगा शिकवतो कुनाला?"

"बालवाडीच्या शिक्षिका होणाऱ्या मुलींना."

"आनि त्या मुली कुनाला शिकवणार?"

"तीन ते सहा वर्षांच्या मुलांना."

"त्यात शिकवायचं काय असतंय?" त्यांनी हे कुजकटपणे विचारलं नव्हतं, खरोखरच विचारलं होतं. "पोरं खेळत्यात, रडत्यात, मुतत्यात. मोठी व्हत्यात. आमी नाय का झालो?"

बाईंकडे याचं उत्तर होतं. सबंध नोकरीभर त्यांनी ते दिलं होतं. सासऱ्यांना, सरपंचांना, पालकांना, खुद्द संस्थेच्या सभेत. त्यांनी सुरुवात केली, "सहा वर्षांपर्यंत मुलाच्या मेंदूची वाढ..." आणि त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. स्टँडवर गाडीची सूचना सांगतात तसा. कुणी ऐको न ऐको, चालू. त्या मधेच थांबल्या. त्यांना एकदम इतकं थकल्यासारखं वाटलं की तक्क्याला टेकून डोळे मिटावेत.

सगळे वाट बघत होते. मग त्या म्हणाल्या, "तुमची अपेक्षा तीन वर्षांची होती तेव्हा काय बोलायची, आठवतं?"

संगप्पा चपापले. "मी तवा दुकानात. दिवसभर हमालासंगं डोकं लावायचं. आठवत न्हाय बघा."

दाराआडून मुलीची आई म्हणाली, "लई बोलायची. सारखं विचारायची. ज्वारीला डोळं असत्यात का म्हनून."

"आनि तू काय सांगितलंस?" संगप्पांनी विचारलं.

"काय सांगनार? गप बस म्हनलं."

 संगप्पांनी पानाचा डबा पुढं ओढला, पान लावलं नाही, परत मागं सारला. "बरं," ते म्हणाले, "चांगलं काम असंल. मी नाय म्हनत न्हाई. पर नोकरी पर्मनंट हाय का?"

खोटं बोलणं बाईंना शक्य होतं. 'होईल', 'चाललंय', 'मी बघते' असलं काहीतरी. मृत्युंजयचे वडील त्यांच्याकडे आशेनं बघत होते.

"नाही," बाई म्हणाल्या. "तासिका तत्त्वावर आहे. उन्हाळ्यात पगार नाही."

"किती वर्सं चालायचं असं?"

"सांगता येत नाही."

 संगप्पा अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, रागावू नका. ही तुमची लेक असती तर तुमी काय केलं असतं?"

 मोहोळच्या, माढ्याच्या, कुठल्या कुठल्या घरांत बाई गेल्या होत्या, त्या सगळ्यांनी हाच प्रश्न विचारायला हवा होता. विचारला नाही, कारण तिथं सून कमवत होती आणि सुनेची नोकरी कच्ची असली तर कुणाचं काही अडत नव्हतं. इथं जावयाचा प्रश्न होता. वर्षानुवर्षं त्या जे काम लोकांच्या गळ्यात घालत फिरल्या, ते पोट भरण्यासारखं नव्हतं, हे त्यांना त्या सतरंजीवर बसून, हातात गार झालेल्या चहाची कपबशी धरून, पहिल्यांदा लख्ख कळलं. लोकांना या कामाची किंमत नाही म्हणून त्या जन्मभर लोकांवर चिडल्या होत्या. किंमत करायला पाहिजे होती ती त्यांच्या संस्थेनं.

"कळवतो," म्हणत संगप्पांनी सगळ्यांना दारापर्यंत पोचवलं. कळवतो म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं.

परतीच्या एसटीत मृत्युंजयचे वडील पुढच्या बाकावर झोपले. बाहेर हुरड्याला आलेली ज्वारी आणि पाखरं हाकणारी माणसं. बऱ्याच वेळानं मृत्युंजय म्हणाला, "मॅडम, तुम्हाला सांगितलं नव्हतं. शिक्षक भरतीत माझं नाव लागलंय. जिल्हा परिषदेची शाळा, वेळापूरच्या बाजूला. पहिली-दुसरी मिळेल बहुतेक."

"कधी कळलं?"

"आठवडा झाला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..." तो थांबला. "जाऊ का?"

बाईंकडे याचंही उत्तर तयार असायचं. तू गेलास तर या मुलींचं काय. एक वर्ष तरी काढ. मी सेक्रेटरींशी बोलते. त्या उत्तरांनी त्यांनी कितीतरी जणींना एकेक वर्ष जास्त थांबवलं होतं. खिडकीची काच लागत नव्हती, वारा तोंडावर येत होता. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला.

"जा," त्या म्हणाल्या. "विचारतोस काय? जा."

 त्यानं रुमालानं तोंड पुसलं. बाईंनी खिडकीबाहेर बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्याच नाहीत. सरळ सेक्रेटरींच्या ऑफिसात गेल्या. "साहेब, मे अखेर मी निवृत्त होते. मुदतवाढ घेणार नाही."

उदयसिंह हसले. "बाई, असं कसं? विभाग कोण बघणार?"

"ज्याला पूर्ण पगार द्याल तो."

"अहो, तुम्ही म्हणजे घरचं माणूस..."

"घरच्या माणसावर चालवलंत म्हणून हे असं झालं," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, चढवायला अंगात त्राणच नव्हतं. त्यामुळेच की काय, उदयसिंहांचं हसू मावळलं. "मी दरवर्षी कुठून तरी माणूस आणत गेले, तुम्ही निर्धास्त झालात. चूक तुमची एकट्याची नाही. आता मी कुणाच्या दारात जाणार नाही. जागा भरा, नाहीतर वर्ग बंद करा."

मार्चमध्ये मृत्युंजय गेला. बाई सवयीनं नव्या पेठेत गेल्या, दुकानाची पायरी चढल्या, आणि म्हाताऱ्यानं सवयीनं साड्या काढायला घेतल्या. "साडी नको," बाई म्हणाल्या, "पुरुष आहे." म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "बालवाडीचा?" आणि मग पँट-शर्टाचं कापड काढून दिलं. निरोपाच्या दिवशी मुली रडल्या. बालवाडीतल्या पोरांना काही कळलं नाही. ती दुसऱ्या दिवशीही दाराकडे बघत होती, आणि मग त्याच्या पुढच्या दिवशी नव्हती बघत.

एप्रिलच्या शेवटी संस्थेच्या सभेत ठराव झाला. एक जागा, तीन वर्षांसाठी, ठरलेल्या महिन्याच्या पगारावर, उन्हाळ्यासकट. पूर्ण वेतनश्रेणी नव्हे. पण तासिकाही नव्हे. बाईंना ठराव वाचून दाखवला तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली. ज्याच्यासाठी मागितलं तो तेव्हा वेळापूरकडे पहिलीच्या पोरांना घेऊन बसला होता.

आणि मे महिन्यात दुधनीहून लग्नाची पत्रिका आली. मुलगा जिल्हा परिषदेत लागला म्हटल्यावर संगप्पांनी पुन्हा माणूस धाडला होता. मृत्युंजयनं तेव्हा बाईंना फोन करून विचारलं होतं, हो म्हणू का. बाई म्हणाल्या, "मला काय विचारतोस? मुलीला विचार, तिला काय वाटतं." त्यानं विचारलं. अपेक्षा म्हणाली, "त्या दिवशी मॅडम खरं बोलल्या, तेव्हाच मी घरी सांगितलं होतं की मला चालंल. माझं कुनी ऐकलं न्हाई."

लग्नात संगप्पांनी बाईंना पुढच्या खुर्चीत बसवलं, शाल दिली. "मॅडम, तुमच्यामुळं जमलं बघा," ते दहा जणांना सांगत होते. बाईंनी खरं-खोटं केलं नाही. ऊन मी म्हणत होतं, मांडवात पंखे गरम हवा फेकत होते. शिवप्पा शेजारी बसून मठ्ठा पीत होते. बाईंनी शाल घडी करून मांडीवर ठेवली आणि जेवणाची वाट बघत बसल्या.

नव्या जागेवर पायल आली. सोलापुरातल्याच एका बौद्ध वस्तीतली, बाईंचीच जुनी विद्यार्थिनी, पुढं शिकत शिकत एम.एड. झालेली. मुलाखतीला दाक्षायणीबाई नव्हत्या. त्या निवृत्त झाल्या होत्या आणि बोलावणं आलं तरी गेल्या नव्हत्या. सकाळी उशिरापर्यंत झोपायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. झोप मात्र पहाटेच मोडायची.

जुलैत एका शनिवारी पायल घरी आली. खांद्याला पिशवी, चेहरा उतरलेला. "मॅडम, दुसऱ्या वर्षाच्या मुली ऐकतच नाहीत. माझ्याच वस्तीतल्या दोघी आहेत, त्या तर ताई म्हणून हाक मारतात वर्गात. एकदा येता का? नुसतं मागं बसा. तुम्ही असलात की गप्प राहतील."

बाईंच्या तोंडावर 'येते' आलं होतं. कॉलेजचा जिना डोळ्यांसमोर आला. त्यांनी पायलकडे बघितलं. हिला महिन्याचा पगार मिळतो, उन्हाळ्यातही मिळेल. हिच्या घरी जाऊन कुणाला काही सांगावं लागलं नव्हतं.

"मी नाही येणार," त्या म्हणाल्या. "मी मागं बसले तर त्या माझ्यासाठी गप्प बसतील. तुझं काय?"

पायलचा चेहरा आणखीच पडला.

"पण तू बस," बाई म्हणाल्या. "पिशवी ठेव खाली. पहिल्यापासून सांग. काय शिकवत होतीस, कोण काय म्हणाली, तू काय म्हणालीस. सगळं. घाई नाही मला."

शिवप्पा चहा टाकायला उठले. पायल सांगायला लागली, आधी अडखळत, मग रागारागानं, मग मधेच हसत. बाईंनी पाय उशीवर लांब केले, डोळे मिटले आणि ऐकत राहिल्या. मधूनच डोळे न उघडता विचारायच्या, "मग?"